‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ : एका संगणकीय खेळमालिकेचा ऱ्हास आणि पुनरुज्जीवन (१९८९ ते २०२६)

प्रस्तावना

ग्रंथ, नाटक आणि चित्रपट यांच्या इतिहासलेखनाची परंपरा आता स्थिरावली आहे. त्यामानाने संगणकीय खेळ हे लोकरंजनाचे अगदी अलीकडचे साधन असून त्याच्या इतिहासाकडे मराठी अभ्यासकांचे लक्ष अद्याप फारसे वळलेले नाही. वास्तविक या क्षेत्रातही कर्तृत्व, परंपरा, उत्तराधिकार, ऱ्हास आणि पुनरुज्जीवन या इतिहासाच्या नेहमीच्याच प्रक्रिया घडताना दिसतात. फरक इतकाच, की त्या फार थोड्या वर्षांत घडतात. एखादा खेळ लोकप्रिय होतो, त्याचे पुढील भाग निघतात, हळूहळू त्यातील चैतन्य नाहीसे होते आणि पुढे कोणीतरी त्याच नावाने तो पुन्हा उभा करण्याचा प्रयत्न करतो. असे प्रयत्न कधी यशस्वी होतात आणि कधी फसतात. हा फरक कशामुळे पडतो, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या मालिकेची निवड करण्यामागे तीन कारणे आहेत. एक, या मालिकेत ऱ्हास आणि पुनरुज्जीवन या दोन्ही अवस्था एकाहून अधिक वेळा आलेल्या आहेत. दोन, मूळ निर्मात्याने आपल्या कामाच्या नोंदी जतन करून प्रसिद्ध केल्यामुळे मूळ कल्पनेचा विश्वसनीय पुरावा उपलब्ध आहे. तीन, या इतिहासातील एका महत्त्वाच्या टप्प्याचा पुणे आणि मुंबई या शहरांशी प्रत्यक्ष संबंध आहे. खेळाचे नाव, त्यावरील कायदेशीर हक्क आणि त्याचे अंगभूत तत्त्व या तीन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या दोन विकत घेता येतात. तिसरे मात्र प्रत्येक नव्या निर्मात्याला स्वतः समजून घ्यावे लागते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

मूळ खेळाची निर्मिती

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा कर्ता जॉर्डन मेकनर याचा जन्म १९६४ मध्ये न्यूयॉर्क येथे झाला. येल विद्यापीठात शिकत असतानाच त्याने ‘कराटेका’ नावाचा खेळ तयार केला. कॅलिफोर्नियातील ब्रॉडरबंड या कंपनीने तो १९८४ मध्ये प्रकाशित केला. त्यानंतर १९८५ मध्ये मेकनरने नव्या खेळाची तयारी सुरू केली. त्या काळच्या खेळांतील पात्रे बाहुल्यांप्रमाणे ताठर हालचाली करीत असत. मेकनरला मात्र हाडामांसाच्या माणसाप्रमाणे धावणारा, उडी मारणारा, कड्याला लोंबकळणारा नायक हवा होता. यासाठी त्याने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला व उड्या मारायला लावले आणि त्याचे चित्रीकरण केले. या चित्रीकरणातील एकेक चौकट गिरवून त्याने संगणकावर हालचालीची चित्रे तयार केली. तलवारबाजीसाठी १९३८ च्या ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ या चित्रपटातील एरल फ्लिन आणि बॅझिल रॅथबोन यांच्या द्वंद्वाचा आधार घेण्यात आला. खेळाचे संगीत मेकनरच्या वडिलांनी रचले.

अ‍ॅपल-२ हा संगणक तेव्हा जुना होऊ लागला होता आणि त्याची मेमरी अत्यंत तुटपुंजी होती. नायकाच्या हालचालींनीच तिचा मोठा भाग व्यापल्यामुळे शत्रूंसाठी जागाच उरली नव्हती. एका सहकारी स्त्रीच्या आग्रहामुळे मेकनरने या अडचणीवर विचार केला. नायकाचीच चित्रे किंचित सरकवून ती मूळ चित्रांवर आरोपित केली असता एक झिलमिलती छायाकृती तयार होते, असे त्याच्या लक्षात आले. अशा रीतीने नायकाचा प्रतिस्पर्धी म्हणून त्याचीच सावली खेळात अवतरली. साधनांच्या मर्यादेतून जन्मलेली ही कल्पना पुढे या खेळाची ओळख ठरली.

सुमारे चार वर्षांच्या परिश्रमानंतर ऑक्टोबर १९८९ मध्ये खेळ प्रकाशित झाला. कथानक साधे होते. सुलतान दूरदेशी युद्धावर गेलेला असतो. त्याचा वजीर जाफर सत्ता बळकावतो आणि राजकन्येला आपल्याशी विवाह करण्यासाठी एका तासाची मुदत देतो. तळघरात डांबलेल्या निनावी तरुणाने तेवढ्या वेळात सापळे, खंदक व पहारेकरी यांना चुकवून तिच्यापर्यंत पोहोचायचे असते. कथेचे वातावरण ‘अरेबियन नाइट्स’ आणि त्यावर आधारित चित्रपटांतून घेतलेले होते. हा ऐतिहासिक इराण नव्हता. पाश्चात्त्य लोकरंजनाने घडविलेला तो एक कल्पित पूर्वदेश होता, हेही येथे नोंदविले पाहिजे.

मूळ तत्त्व : चुकीची किंमत

या खेळाच्या लोकप्रियतेचे श्रेय सामान्यतः त्यातील जिवंत हालचालींना दिले जाते. ते योग्य असले तरी अपुरे आहे. खेळाडूला मरणाची मुभा अमर्याद होती. नायक कितीही वेळा खड्ड्यात पडला वा सुळ्यांवर आपटला, तरी त्या पातळीच्या आरंभापासून पुन्हा सुरुवात करता येई. मात्र साठ मिनिटांचे घड्याळ मागे फिरत नसे. म्हणजेच प्रत्येक चुकीची किंमत वेळेच्या रूपाने मोजावी लागे. दुसरीकडे, हालचाली खऱ्या माणसासारख्या असल्यामुळे नायकाला धावताना वेग घ्यावा लागे, थांबताना पाय घसरे आणि उडी घेण्यापूर्वी पावलाचा अंदाज बांधावा लागे. शरीराचे वजन आणि काळाचे दडपण या दोहोंच्या संयोगातून खेळाडूच्या मनात खरीखुरी धास्ती निर्माण होत असे. चूक आपलीच आहे आणि तिची किंमत आपल्यालाच द्यायची आहे, ही जाणीव हे या खेळाचे अंगभूत तत्त्व होते. पुढील सर्व भागांचे मूल्यमापन या निकषावर करता येते.

अ‍ॅपल-२ वरील विक्री प्रारंभी निराशाजनक होती, कारण त्या यंत्राचाच काळ सरत आला होता. १९९० मध्ये डॉस प्रणालीसाठी आवृत्ती आली आणि त्यानंतर इतर अनेक यंत्रांवर, विशेषतः जपान व युरोपात, खेळाला मोठे यश लाभले. भारतातील अनेक संगणक-वापरकर्त्यांना हा खेळ डॉसच्या आवृत्तीतूनच परिचित झाला.

पहिला ऱ्हास (१९९३ ते १९९९)

१९९३ मध्ये ‘द शॅडो अँड द फ्लेम’ हा दुसरा भाग आला. त्यात साठऐवजी पंचाहत्तर मिनिटांची मुदत होती, स्थळे अधिक विविध होती आणि चित्रे अधिक समृद्ध होती. मूळ तत्त्व त्यात बऱ्याच अंशी टिकून होते. यानंतर मेकनर ‘द लास्ट एक्स्प्रेस’ या स्वतंत्र खेळाकडे वळला. १९९७ मध्ये प्रकाशित झालेल्या त्या खेळाचे समीक्षकांनी कौतुक केले, परंतु व्यापारीदृष्ट्या तो अपयशी ठरला.

दरम्यान खेळांचे जग बदलले होते. त्रिमितीय चित्रणाचे युग सुरू झाले आणि १९९६ च्या ‘टूम रेडर’ने प्राचीन वास्तूंमधून धावण्या-चढण्याचा खेळ त्रिमितीत कसा असावा, याचा नमुनाच घालून दिला. ‘टूम रेडर’वर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चे ऋण स्पष्ट दिसते, पण आता मूळ मालिकेलाच आपल्या वारसदाराचे अनुकरण करण्याची वेळ आली. ब्रॉडरबंडच्या रेड ऑर्ब या विभागाने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया थ्रीडी’ची निर्मिती हाती घेतली. मेकनरची भूमिका त्यात सल्लागारापुरतीच होती. निर्मिती चालू असतानाच कंपनीची मालकी बदलत गेली. १९९८ मध्ये लर्निंग कंपनीने ब्रॉडरबंड विकत घेतली आणि १९९९ मध्ये खेळणी बनविणाऱ्या मॅटेल कंपनीने लर्निंग कंपनीच विकत घेतली. याच वर्षी खेळ बाजारात आला.

या खेळात नायक होता, राजवाडा होता, तलवार होती, सापळेही होते. नव्हता तो मूळ अनुभव. दृश्यकोन वेळी-अवेळी बदलत असे, नियंत्रणे जड होती आणि तांत्रिक दोष विपुल होते. परिणामी नायक कड्यावरून पडला तर चूक खेळाडूची की यंत्रणेची, हेच कळेनासे झाले. जेथे चूक आपली वाटत नाही, तेथे तिची किंमत मोजण्यातही अर्थ राहत नाही. समीक्षक आणि खेळाडू या दोघांनीही नापसंती व्यक्त केली. रेड ऑर्ब विभाग लवकरच इतिहासजमा झाला आणि मालिकेचे भवितव्य संपल्यासारखे वाटू लागले. बाह्य रूप त्रिमितीत नेले, परंतु तत्त्व मागेच राहिले, असे या अपयशाचे वर्णन करता येईल.

पुनरुज्जीवन (२००१ ते २००३)

२००१ मध्ये यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने लर्निंग कंपनीच्या खेळांचा संग्रह विकत घेतला. त्यात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चे जुने खेळही होते. मात्र मूळ कल्पनेचे स्वामित्व मेकनरने स्वतःकडे राखले होते, त्यामुळे नव्या खेळासाठी त्याची संमती आवश्यक ठरली. ही कायदेशीर बाब पुढील घटनांच्या दृष्टीने निर्णायक आहे. केवळ नाव विकत घेऊन काम भागले असते, तर कर्त्याशी संवाद साधण्याची गरजच पडली नसती. १९९९ च्या अनुभवामुळे मेकनर साशंक होता. माँट्रियल येथील यूबीसॉफ्टच्या चमूने आपल्या प्राथमिक प्रयोगांची चित्रफीत त्याला दाखविली. भिंतीवरून धावणारा, खांबांवर चढणारा नायक पाहून त्याचे मत बदलले आणि कथा व संवाद लिहिण्यासाठी तो स्वतः या प्रकल्पात सहभागी झाला. यानिस माला हे निर्माते होते, तर सर्जनशील दिग्दर्शनाची धुरा पात्रिस देझिले यांच्याकडे होती.

नोव्हेंबर २००३ पासून प्रकाशित झालेल्या ‘द सँड्स ऑफ टाइम’ या खेळात साठ मिनिटांचे घड्याळ नव्हते. पहिला खेळ अक्षरशः पुन्हा उभा करण्याचा हा प्रयत्न नव्हता. परंतु चमूने मूळ तत्त्वाचा नवा अन्वयार्थ लावला. नायकाच्या हाती काळाची कट्यार येते. तिच्यात साठविलेली वाळू खर्चून तो काही क्षण मागे जाऊ शकतो आणि केलेली चूक दुरुस्त करू शकतो. वाळू मात्र मर्यादित असते. मूळ खेळात चुकीची किंमत वेळेत मोजली जाई. नव्या खेळात वेळ परत मिळविण्यासाठी वाळू मोजावी लागे. हिशेब उलटा मांडला गेला, पण हिशेब कायम राहिला. यामुळे खेळाडू अधिक धाडसी उड्या घेऊ लागला आणि तरीही त्याची धास्ती पूर्णपणे गेली नाही.

कथनाची रीतही या कल्पनेशी एकरूप होती. संपूर्ण खेळ म्हणजे राजपुत्राने सांगितलेली एक गोष्ट आहे. खेळाडूच्या हातून नायक मेला, की निवेदक राजपुत्र आपली चूक सुधारल्याप्रमाणे, असे घडलेच नव्हते, असे सांगतो. शहरजादीच्या कथनपरंपरेशी नाते सांगणारी ही रचना आहे. कथेचा आरंभ एका भारतीय महाराजाच्या राजवाड्यावरील स्वारीने होतो आणि त्या महाराजाची कन्या फराह ही राजपुत्राची सोबतीण बनते. पहिल्या खेळातील राजकन्या केवळ वाट पाहणारी होती. फराह मात्र धनुष्य चालविते, नायकाशी वाद घालते आणि त्याच्या अपराधाची त्याला आठवणही करून देते. पराक्रमाच्या लालसेने केलेली चूक आणि तिचे परिमार्जन हाच या कथेचा विषय आहे. खेळाचे तत्त्व आणि कथेचा आशय यांची अशी सांगड बसल्यामुळे १९९९ चे अपयश विस्मरणात गेले.

यशानंतरचा विसर (२००४ ते २०१०)

पुनरुज्जीवनाचे यश टिकविणे हे ते मिळविण्याइतकेच कठीण असते. २००४ मध्ये आलेल्या ‘वॉरियर विदिन’मध्ये मेकनरचा सहभाग नव्हता. लढाईची यंत्रणा अधिक विकसित झाली, परंतु राजपुत्र रागीट व क्रूर बनला, रक्तपात वाढला आणि पार्श्वसंगीतात कर्कश रॉक संगीत आले. मेकनरने या बदललेल्या कलादृष्टीविषयी आणि हिंसाचाराविषयी जाहीर नापसंती व्यक्त केली. २००५ च्या ‘द टू थ्रोन्स’मध्ये या दोन टोकांचा मेळ घालून कथात्रयी पूर्ण करण्यात आली.

याच काळात देझिले यांनी मालिकेच्या पुढील भागासाठी राजपुत्राऐवजी मारेकऱ्याला नायक करण्याची कल्पना मांडली. ती कल्पना मूळ नावाच्या चौकटीत मावेनाशी झाली आणि तिचे रूपांतर २००७ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड’ या स्वतंत्र खेळात झाले. या नव्या मालिकेचे यश इतके मोठे होते, की तिची जननी असलेली मालिकाच तिच्या छायेत गेली. पहिल्या खेळातील सावलीची आठवण व्हावी, असा हा योगायोग म्हणावा लागेल.

२००८ मध्ये नवा नायक आणि चित्रसदृश शैली घेऊन पुन्हा नव्याने आरंभ करण्यात आला. त्यात एलिका ही सोबतीण नायकाला प्रत्येक वेळी पडण्यापासून वाचविते. दृश्यसौंदर्याची प्रशंसा झाली, पण मरणच नसल्यामुळे धोका उरला नाही, असा आक्षेप अनेकांनी घेतला. या आक्षेपाचे मूळ वरील तत्त्वात सापडते, कारण येथे चुकीची किंमत जवळजवळ शून्यावर आली होती. मे २०१० मध्ये ‘द फरगॉटन सँड्स’ हा खेळ आणि डिस्नेचा चित्रपट एकाच सुमारास आले. परंतु दोन्हींमुळे मालिकेला नवी गती मिळाली नाही आणि पुढे दीर्घ शांतता पसरली.

मूळ साधनांचे जतन

मालिका थंडावलेली असताना इतिहासाच्या दृष्टीने मोलाची घटना घडली. मेकनरने पहिल्या खेळाच्या निर्मितिकाळातील आपल्या रोजनिश्या प्रसिद्ध केल्या. मूळ खेळाची संगणकीय आज्ञावली मात्र हरवल्याचे मानले जात होते. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातील एका खोक्यात जुन्या चकत्या सापडल्या. तज्ज्ञांच्या साहाय्याने त्यांतील मजकूर वाचण्यात आला आणि त्याच वर्षी आज्ञावली सर्वांसाठी खुली करण्यात आली. चुंबकीय चकत्यांचे आयुष्य कागदाहून कमी असते. लाखो लोकांनी खेळलेल्या कृतीचा मूळ पाठ एका कुटुंबाच्या अडगळीतून योगायोगाने मिळावा, ही बाब संगणकीय वारशाच्या जतनाविषयी चिंता वाटायला लावणारी आहे.

पुणे, मुंबई आणि अपुरे राहिलेले पुनर्निर्माण (२०२० ते २०२६)

यूबीसॉफ्टचे पुणे केंद्र २००८ पासून, तर मुंबई केंद्र २०१८ पासून कार्यरत झाले. सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीने ‘द सँड्स ऑफ टाइम’चे पुनर्निर्माण जाहीर केले आणि त्याचे प्रमुख काम या दोन केंद्रांकडे असल्याचे सांगितले. भारतीय राजकन्या ज्या कथेची नायिका, त्या कथेचे पुनर्निर्माण महाराष्ट्रात होणे हा योग लक्षणीय होता. एवढ्या नामांकित खेळाची मुख्य जबाबदारी भारतीय केंद्रांकडे येण्याचे महत्त्वही मोठे होते.

तथापि प्रारंभिक दृश्ये प्रसिद्ध होताच चित्रणाचा दर्जा जुनाट असल्याची टीका जगभरातून झाली. जानेवारी २०२१ मधील नियोजित प्रकाशन मार्चपर्यंत आणि नंतर अनिश्चित काळासाठी पुढे ढकलण्यात आले. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे सोपविण्यात आले. अखेर जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने व्यापक पुनर्रचनेचा भाग म्हणून हा प्रकल्पच रद्द केला.

या घटनाक्रमाचा दोष केवळ पुणे-मुंबईच्या कारागिरांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. मूळ निर्मात्या केंद्राकडे काम परत गेल्यावरही ते पूर्णत्वास गेले नाही, ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे. अडचण कार्याच्या स्वरूपातच होती. २००३ च्या चमूपुढे अपयशी ठरलेले नाव होते, त्यामुळे नवा अर्थ लावण्याचे स्वातंत्र्य होते. २०२० च्या चमूपुढे आदर्श ठरलेली कृती होती. तिच्यात बदल करावा तर स्मृतीचा भंग होतो आणि न करावा तर ती जुनी दिसते, अशा पेचात ते काम सापडले होते.

याच काळात माँपेलिए येथील चमूने वेगळा मार्ग स्वीकारला. जानेवारी २०२४ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘द लॉस्ट क्राउन’ने त्रिमितीय भटकंती सोडून पहिल्या खेळाप्रमाणे आडव्या पटावरील हालचाल पुन्हा स्वीकारली. नायक सार्गोन हा राजपुत्र नव्हे, तर अपहृत राजपुत्राच्या शोधात निघालेला योद्धा आहे. काफ पर्वत व सीमुर्ग पक्षी यांसारख्या इराणी परंपरेतील कल्पनांचा त्यात गांभीर्याने वापर केला गेला आणि फारसी भाषेतील संवादही उपलब्ध करून देण्यात आले. १९८९ च्या कल्पित पूर्वदेशापासून झालेली ही वाटचाल दखल घेण्याजोगी आहे. समीक्षकांनी खेळाची मनःपूर्वक प्रशंसा केली, परंतु विक्री कंपनीच्या अपेक्षेइतकी झाली नाही आणि त्याच वर्षी तो चमू विखुरला. कलात्मक पुनरुज्जीवन आणि व्यापारी पुनरुज्जीवन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला, मालिकेच्या ऱ्हासाचे कारण नावीन्याचा अभाव हे नव्हते. १९९९, २००४ आणि २००८ या तिन्ही वेळी नावीन्य होतेच. परंतु शरीर, काळ आणि चुकीची किंमत यांचा परस्परसंबंध प्रत्येक वेळी कोठे ना कोठे सैल झाला. दुसरा, २००३ चे यश मूळ रूपाच्या पुनरावृत्तीतून आले नाही. मूळ तत्त्व ओळखून त्याला नव्या साधनांत नवे रूप दिल्यामुळे ते लाभले. तिसरा, कर्त्याकडे राहिलेला हक्क हा त्या यशातील महत्त्वाचा घटक होता, कारण त्यामुळे नव्या व जुन्या निर्मात्यांमध्ये संवाद अपरिहार्य झाला. चौथा, असा संवाद भविष्यात शक्य व्हायचा असेल, तर रोजनिश्या, आराखडे आणि आज्ञावली यांचे पद्धतशीर जतन होणे आवश्यक आहे.

शेवटची बाब महाराष्ट्रापुरती. रद्द झालेल्या पुनर्निर्माणात पुणे आणि मुंबई येथील कारागिरांनी घातलेले श्रम खेळाडूंपर्यंत कधीच पोहोचले नाहीत. प्रकाशित कृतीचा इतिहास कृतीवरून लिहिता येतो; अप्रकाशित कृतीचा इतिहास मात्र कागदपत्रांवाचून लिहिता येत नाही. मेकनरच्या वडिलांच्या घरी निदान एक खोके तरी होते. येथील कामाचे असे एखादे खोके कोठे जपले जाते की नाही, यावर या प्रदेशातील संगणकीय खेळांचा इतिहास पुढे लिहिला जाणे अवलंबून राहील.